आठ पायांचा पक्षी

ठाकुर्लीतल्या कितीतरी मुली लग्नाआधी मालन जगदाळेच्या हाताखालून गोऱ्या होऊन गेल्या. स्थळाला पाठवायचा फोटो काढायचा तर तो स्टेशनजवळच्या 'रघू फोटो'मध्येच, हे तिथल्या आयांनी आपसात ठरवून टाकलं होतं. मालन गालावरचा तीळ घालवायची, पुढे आलेला दात जरासा मागे सारायची, पण मुलगी ओळखू येईल इतपत शिल्लक ठेवायची. "लग्नात कळेलच की," असं कुणी म्हटलं तर तिचं उत्तर ठरलेलं, "लग्नात लोक जेवण बघतात."

तिचं खरं नाव झालं ते मात्र वेगळ्याच कामानं. मालन माणसं जोडून द्यायची. गृहप्रवेशाआधीच वारलेली सासू, बारशाला मस्कतहून न येऊ शकलेला बाप, मानपानावरून रुसून बसलेला थोरला दीर, असे सगळे तिच्या दुकानात येऊन घरच्यांच्या रांगेत उभे राहायचे. पुढे कधीतरी चहा पिता पिता घरचे त्या फोटोकडे बघत म्हणायचे, "आई किती खूश होती ना त्या दिवशी!" त्या दिवशी आई नव्हतीच, हे बोलणाऱ्यालाही आठवायचं नाही. मालनला यात काही खोटं केल्यासारखं कधी वाटलं नाही. ज्याची जिथं जागा होती, तिथं तिनं त्याला उभं केलं. लोकांनी सांगितलं म्हणून केलं, आणि नीट केलं.

ती मूळची खटावकडची. साताऱ्याच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. झाली आणि रघूशी लग्न करून ठाकुर्लीला आली. नवऱ्याच्या डार्करूममध्ये बसून निगेटिव्हवर पेन्सिलीनं चेहरे साफ करायला शिकली. ऋतुराज सातवीत असताना रघू एका सकाळी दुकानाचं शटर वर करता करता कोसळला. लोक म्हणाले, दुकान विकून टाक. तिनं कॉम्प्युटर विकत घेतला. शिकवायला कुणी नव्हतं, ती चुकत चुकत शिकली.

स्वभावानं मात्र ती पहिल्यापासून घाबरट. ऋतुराजला ट्यूशनहून यायला जरा उशीर झाला की ती रस्त्यापर्यंत जाऊन उभी राहायची. आता तो बापई माणूस झाला, ठाण्याला माजिवड्याच्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर गेला, तरी संध्याकाळी तिचा फोन जायचाच, "शीळफाटा सुटला का रे?" तो म्हणायचा, "सुटला गं आई, सुटला," आणि तेव्हाही तो ट्रॅफिकमध्येच असायचा, हे तिला हॉर्नच्या आवाजावरून कळायचं.

ऋतुराजनं शीळफाट्याच्या बाजूला सरोवर संकुलात घर घेतलं आणि मालन त्याच्याकडे राहायला आली. दुकान एका ओळखीच्या मुलीला चालवायला दिलं. बाल्कनीतून खाली गावाचं जुनं तळं दिसायचं. पूर्वी भातशेतीच्या मधोमध असलेलं हे तळं आता इमारतींच्या मधोमध आलं होतं. अर्ध्याहून जास्त पाणी कमळाच्या पानांखाली झाकलेलं. लग्नांत लांबून वरमाला टिपायला घेतलेली मोठी लेन्स मालनकडे पडून होती. एक दिवस तिनं ती बाल्कनीच्या कठड्यावर टेकवली.

पहिल्याच आठवड्यात तिनं फजिती करून घेतली. एक काळा पक्षी दोन्ही पंख पसरून तासभर एका खांबावर बसलेला बघून तिला वाटलं, पंख मोडले. तिनं प्राणिमित्रांना फोन केला. दोन मुलं जाळी-पिंजरा घेऊन आली, वर बघितलं आणि हसू दाबत म्हणाली, "काकू, हा पाणकावळा आहे. आंघोळ झाली, आता तो पंख वाळवतोय." मालन शरमली नाही. तिनं त्यांना चहा पाजला आणि बसवून घेऊन अजून चार पक्ष्यांची नावं विचारून घेतली.

पुढे तिचं तिनंच वाढवलं. आयुष्यभर पासपोर्टचे फोटो काढलेल्या बाईला नाक, भुवई आणि हनुवटी बघायची सवय होती. माणसाच्या जागी पक्षी आला, इतकाच फरक. ढोकरी आणि बगळा उभा राहण्याच्या ढबीवरून, टिबुकली बुडी मारण्याच्या घाईवरून, जांभळी पाणकोंबडी कपाळावरच्या लाल टिळ्यावरून ती ओळखू लागली. पक्षीमित्रांच्या ग्रुपवर ती फोटो टाकायची, चुकली तर मुकाट ऐकून घ्यायची आणि पुढच्या वेळी चुकायची नाही.

संकुलाच्या कमिटीनं तळ्यात 'राजहंस' आणून सोडले, तिथून वादाला तोंड फुटलं. पांढरेशुभ्र, नारिंगी चोचीचे, मान वर करून चालणारे चार पक्षी. अध्यक्ष मधुकर रेडकर निवृत्त अधिकारी, मूळचे वेंगुर्ल्याचे. त्यांनी स्वतः हार घालून हंसांचं स्वागत केलं. मालननं लेन्समधून बघितलं आणि संकुलाच्या ग्रुपवर साधेपणानं लिहिलं, "हे हंस नाहीत. पाळीव कलहंस आहेत, परदेशी जातीचे, बदकांच्या नात्यातले. हंसाची मान यांच्याहून लांब असते आणि चोचीच्या मुळाशी काळी गाठ असते." त्यावर सव्वीस जणांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि रेडकरांनी लिहिलं, "श्रद्धेचा विषय आहे."

श्रद्धेचं मालनला काही नव्हतं. चार कलहंस पाण्यात राहिले असते तर तिनं त्यांचेही फोटो काढले असते, काढलेही होते. पण पंधरा ऑगस्टला 'राजहंस सरोवरा'चं उद्घाटन ठरलं. हंस दुरून दिसावेत म्हणून तळ्यातली सगळी कमळं नि पानं काढून पाणी मोकळं करायचं, काठावर सेल्फी पॉइंट करायचा, असा ठराव झाला. रविवारी मशीन लावायचं ठरलं.

आणि त्या पानांवर पिल्लं होती.

कांस्यपंखी कमळपक्ष्याची जोडी मालननं पावसाच्या सुरुवातीलाच हेरली होती. डोकं-मान काळी, डोळ्यावर पांढरी भुवई, पंख उन्हात पितळी भांड्यासारखे चमकणारे, आणि बोटं इतकी लांब की पानावर चालताना पान बुडत नाही. मादीनं अंडी घातली आणि ती निघून गेली. अंड्यांवर बसला तो बाप. तो उन्हात बसला, पावसात बसला, कलहंस जवळ आले तर पंख फुलवून त्यांच्या अंगावर गेला. मालन कठड्याशी उभी राहून रोज त्याची काळजी करायची. भात उकडायला ठेवला की एक चक्कर, कुकरची शिट्टी झाली की एक चक्कर.

त्या गुरुवारी पाऊस थांबून ऊन आलं. आकाशात घार फिरली. बाप पानावर जरासा खाली बसला, त्यानं पंख किंचित उचलले आणि इकडेतिकडे पळणारी पिल्लं त्याच्या पंखांखाली शिरली. मग तो उठून चालू लागला. पिल्लं काखेत, आणि त्यांचे लांबच लांब पाय दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होते. मालननं श्वास धरून फोटो काढला. मोजून बघितलं तर बापाचे दोन आणि पिल्लांचे सहा, असे आठ पाय.

तिनं तो फोटो तसाच, कुठलाही हात न लावता, संकुलाच्या ग्रुपवर टाकला. "पिल्लं आहेत. ती उडेपर्यंत पानं काढू नका."

पहिलं उत्तर बी विंगमधल्या सुमितचं आलं, "काकू, एआयला पाय मोजता येत नाहीत, माहितीय ना? 😂"

मग हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणी लिहिलं, कोळी आणि कोंबडीचं लग्न झालं वाटतं. कुणी लिहिलं, तंगडी कबाब आठ प्लेट. मालननं व्हिडिओ टाकला, तर त्यात घारीला भिऊन पानात दडलेला पक्षी आणि नुसती हलणारी पानं. कमिटीची चार माणसं शुक्रवारी तळ्यावर जाऊन आली. त्यांना बघून कलहंसांनी असा कलकलाट केला की कमळपक्ष्यानं पिल्लांसकट पानाखाली दडी मारली. "काही नाही तिथं," असा निरोप आला.

शनिवारी संध्याकाळी क्लबहाउसमध्ये बैठक होती. मालन निघाली तेव्हा ऋतुराज सोफ्यावरून उठला.

"आई, भिंतीवरचा फोटो का काढलास?"

"लागणार आहे."

"आई, प्लीज. मला इथं राहायचंय. रोज लिफ्टमध्ये या लोकांची तोंडं बघायचीत."

"मग चल बरोबर. एकटी गेले तर मला घाम फुटतो," मालन म्हणाली आणि फोटो टॉवेलात गुंडाळून चालू लागली. तो चप्पल शोधत मागून आला.

हॉल भरलेला होता. मशीनचं काम घेतलेला गोविंदा मागे दाराला टेकून उभा होता. तळ्याकाठचं गाव त्याचंच. संकुलाखालची जमीनही एके काळी त्याच्या घरची.

रेडकरांनी घसा साफ केला. "मालनताई, तुमची कला आम्हा सर्वांना ठाऊक आहे. पण कमिटीलाही डोळे आहेत."

पहिल्या रांगेतली जागृती मागे वळली. ती ठाकुर्लीपासूनची ओळखीची. "काकू, राग नका मानू हां. पण आमच्या सासूबाई वारल्यावर तुम्ही त्यांना गृहप्रवेशात अशा उभ्या केल्यात की नणंदेनं विचारलं, आईनं ही साडी कधी घेतली? मग तीन पिल्लं काखेत घालणं तुम्हाला काय जड?"

सगळे हसले. जागृतीच्या बोलण्यात कौतुकच होतं, म्हणून ते जास्त लागलं.

"बरोबर आहे तुझं," मालन म्हणाली. तिनं टॉवेल सोडला आणि फोटो पुढे धरला. "सुमित, इकडे ये. तुला कॉम्प्युटरमधलं कळतं. हा ऋतुराज, पदवी मिळाली त्या दिवशीचा. शेजारी त्याचे बाबा. बाबा गेले तेव्हा हा सातवीत होता. म्हणजे फोटो जोडलेला आहे, हे मीच सांगतेय. आता जोड शोध."

सुमितनं मोबाइलचा टॉर्च लावला. "खांदा?"

"खांद्यावर मी आठवडाभर बसले होते. तिथं नाही सापडायचा."

"कॉलर? केस?"

"नाही."

"मग नाहीच आहे, काकू."

"नाकाची सावली बघ. ऋतूच्या नाकाची सावली डाव्या गालावर पडलीय. बाबांच्या नाकाची उजव्या. एका अंगणात एका वेळी दोन सूर्य कसे उगवले?"

सुमित पुढे वाकला आणि तसाच राहिला. "आयला," तो पुटपुटला. ऋतुराज खाली मान घालून उभा होता. मालनला त्याच्याकडे बघायचं धैर्य झालं नाही. तिनं पक्ष्याचा फोटो भिंतीवरच्या टीव्हीवर लावायला सांगितला.

"आता यात दुसरा सूर्य शोध. प्रत्येक पायाची सावली कुठल्या बाजूला पडलीय ते बघ. पानांच्या फटीत पाणी आहे. त्यात पायांचं प्रतिबिंब आहे. जिथं लाट आहे तिथं प्रतिबिंबातला पाय मोडलाय. मला इतकं करता आलं असतं ना, तर मी ठाकुर्लीत पासपोर्टचे फोटो काढत बसले नसते."

सुमितनं बोटांनी फोटो मोठा केला, सरकवला, पुन्हा मोठा केला. शेवटी तो रेडकरांकडे वळून म्हणाला, "काका, खरा वाटतोय."

"वाटतोय?" मालनचा आवाज आता चढला. "तुम्ही म्हणालात गोरी कर, मी केली. म्हणालात सासूला उभी कर, मी केली. तेव्हा कुणी विचारलं नाही की बाई, हे खरं का खोटं. आज पहिल्यांदा मी काहीच केलं नाही, तर मी खोटी? अजून कुणाला शंका असेल तर घरी जा आणि माझ्या हातचा फोटो घेऊन या. जोड कुठं आहे ते बोट ठेवून दाखवते. मात्र एकदा दिसला की तो रोज दिसेल. आणतंय का कुणी? जागृती?"

जागृतीनं हातातला मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. "नको, काकू," ती हळूच म्हणाली.

रेडकरांनी टेबलावर बोटं वाजवली. "ठीक आहे. पक्षी खरा. धरून चालू. पण ठराव झालेला आहे, पाहुणे बोलावलेले आहेत. एका पक्ष्यासाठी सगळं संकुल थांबवायचं? मशीन उद्या सकाळी येईल."

मग बैठक संपली आणि लोक समोशांकडे वळले.

घरी ऋतुराजनं फोटो पुन्हा खिळ्याला लावला. जेवताना त्यानं अर्धी भाकरी टाकली. मालननं ते बघितलं. विचारावं की नको, असं करत तिनं ताक पुढे सरकवलं.

"आता मला फक्त ते नाकच दिसतंय, आई," तो म्हणाला. "इतकी वर्षं नव्हतं दिसलं."

तिच्या ओठांवर 'चुकलं रे' आलं होतं. पण चुकलं नव्हतं. "दुसरं काही होतं का माझ्याकडे दाखवायला?" ती म्हणाली. तो हात धुवायला उठला.

रविवारी सकाळी तळ्यात उतरायच्या एकुलत्या एका उतारावर मालन प्लास्टिकची खुर्ची टाकून बसली. साडी चिखलाला लागू नये म्हणून खोचलेली, गळ्यात कॅमेरा. लांब हाताचा पोकलेन घरघरत आला आणि तिच्यापासून हाताच्या अंतरावर थांबला. वरून गोविंदानं डोकं बाहेर काढलं.

"काय गो मालनताय, सकाली सकाली इथं बसलीस? उठ ना."

"नाही उठत."

"मशीन जाव दे ना गो. माझा पन धंदा हाय."

"कर ना धंदा. गावात दुसरं काम नाही का तुला? उकरून ठेवलाय की सगळा रस्ता."

गोविंदा हसला आणि खाली उतरला. त्याच्या लग्नाचा अल्बम मालननंच केला होता. हळदीआधी त्याचा बाप वारला होता, आणि अल्बमच्या पहिल्याच पानावर तो फेटा बांधून नवरदेवाशेजारी उभा होता. गोविंदा तिच्याजवळ उकिडवा बसला. आवाज खाली आणून म्हणाला, "काल हालमधलां सगलां आयकलां मी. माझ्या बापसाच्या फोटोन पन दोन सूर्य हायेत काय गो?"

मालननं त्याच्याकडे बघितलं. चांगला थोराड गडी, गळ्यात जाड साखळी, आणि डोळे मात्र शाळेत निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखे.

"तुझा बाप लग्नात होता," ती म्हणाली. "मी होते ना तिथं. मला दिसला."

पानांमधून कमळपक्ष्याची बारीक शीळ आली. गोविंदा उठला, पँट झटकली आणि काठावरून येणाऱ्या रेडकरांना ओरडून म्हणाला, "साहेब, काम नाय होनार! मशीनचा पाइप फुटला!"

"फुटला? अरे, सुरू आहे की मशीन! आवाज येतोय मला इथवर!"

"त्यो वरचा पाइप. यो खालचा फुटला."

"मग दुरुस्त कर!"

"पार्ट भेटत नाय, साहेब. बाहेरून मागवाया लागंल. तुमच्या हंसांसारखा."

काठावर जमलेल्यांतून कुणीतरी फिस्सकन हसलं. रेडकर लाल झाले. त्यांनी दुसरं मशीन बोलावायची भाषा केली, पोलिसांची केली, मेंटेनन्समध्ये दंड लावायची केली. गोविंदा मशीनला टेकून तंबाखू मळत राहिला. ते मशीन उताराच्या तोंडाशीच आडवं उभं होतं. दुसरं आलं असतं तरी जायला वाट नव्हती.

तेवढ्यात ऋतुराज खाली आला. डोळे रात्री न झोपल्यासारखे. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्यात गोळी. "बीपीची घेतली नाहीस."

"विसरले."

"ऊन येतंय इथं," असं म्हणत त्यानं तिला खुर्चीसकट झाडाच्या सावलीत सरकवलं. सावलीही उताराच्या मधोमधच होती. मग तो बाजूला उभा राहिला, पण गेला नाही.

"ऋतुराज, तू शिकलेला आहेस," रेडकर म्हणाले. "तू तरी सांग आईला."

"काका, मी लहानपणापासून सांगतोय," ऋतुराज म्हणाला. "तुम्ही बघा प्रयत्न करून."

रेडकर मालनसमोर येऊन उभे राहिले. वरच्या बाल्कन्यांतून लोक वाकून बघत होते. काहींनी मोबाइल तळ्याकडे रोखले होते.

"मालनताई, सरळ विचारतो. किती दिवस बसणार आहात?"

"पिल्लं बापाच्या काखेत मावेनाशी होईपर्यंत."

"म्हणजे पंधरा ऑगस्टला तुम्ही इथं, खुर्चीत? पाहुण्यांसमोर?"

"झेंड्याला उठून उभी राहीन. मग परत बसेन."

"आणि पुढच्या पावसाळ्यात? पुन्हा येणारच हे पक्षी. तेव्हा काय?"

मालननं गोळी गिळली, वरून पाणी प्यायली आणि बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"पुढच्या पावसाळ्यात क्लबहाउसमधली गादीची खुर्ची काढून ठेवा, रेडकर साहेब," ती म्हणाली. "या खुर्चीचा पाय लचकतोय, आणि मला पुष्कळ दिवस बसायचंय."